व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर : मोडायचा, लपवायचा, पुन्हा जोडायचा

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. प्रयोगशाळेचे कपाट रिकामे करताना वरच्या फळीवर एक जड पेटी सापडली होती. भंगारवाला तिचे वजन करून भावही सांगून गेला होता. ‘‘रेडिओसारखं काहीतरी दिसतंय, सर, पण त्याला स्पीकरच नाही. एकदा बघून जाता का?’’ एवढेच बाईंचे म्हणणे होते.

स्पीकर नव्हता, कारण ती पेटी ऐकण्यासाठी नव्हतीच, बोलण्यासाठी होती. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची चासी, तिच्यावर दोन मोठे ट्रान्सफॉर्मर, कापडी वेष्टणाच्या तारा, आणि मधोमध डोक्यावर धातूची टोपी असलेला काचेचा व्हॉल्व्ह. काचेवरचा आकडा पुसट झाला होता, पण वाचता येत होता : ८०७. हा कुणा हौशी रेडिओचालकाने, म्हणजे ‘हॅम’ने, घरी बनवलेला ट्रान्समीटर होता. चासीच्या खालच्या अंगाला पेन्सिलीने ‘१९५७’ लिहिलेले होते. पेटीत एक वहीही होती. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या वारंवारतेवर कुणाशी बोलणे झाले याच्या तीत नोंदी होत्या. शाळेच्या एका माजी शिक्षकांनी निवृत्त होताना हा ट्रान्समीटर शाळेला दिला असावा, असा बाईंचा तर्क होता.

पेटी रिक्षात घालून मी खांदा कॉलनीतल्या घरी आणली आणि खिडकीजवळच्या टेबलावर चासी उलटी ठेवली. पहिली गोष्ट नजरेत भरली ती भोके. पत्र्यात जेवढे भाग बसवले होते त्यांच्या जवळजवळ दुप्पट भोके पाडलेली होती. काही ठिकाणी व्हॉल्व्हच्या सॉकेटची गोल जागा कापून नंतर पत्र्याच्या तुकड्याने बंद केलेली दिसत होती. म्हणजे ही चासी याआधी दुसरेच काहीतरी होती. ते मोडून हा ट्रान्समीटर झाला होता. आपल्याकडच्या जुन्या व्हॉल्व्ह-ट्रान्समीटरांचा इतिहास बहुतांशी असाच मोडण्याचा आणि जोडण्याचा आहे, आणि त्यातली दोन प्रकरणे तर आपल्या अगदी जवळची आहेत.

भारतात हौशी रेडिओची सुरुवात १९२१ मध्ये कलकत्त्याला झाली. अमरेंद्रचंद्र गुप्तू हे पहिले परवानाधारक. ‘व्हीयू’ हे भारतीय केंद्रांचे आद्याक्षर १९२९ पासून लागू झाले. हौशींची संख्या तेव्हा अगदी थोडी होती, कारण यंत्र विकत मिळत नसे. ते बनवावे लागे आणि बनवण्यासाठी समजून घ्यावे लागे. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि सरकारने हौशी प्रक्षेपण बंद केले. ट्रान्समीटर पोलिसांकडे जमा करण्याचे लेखी हुकूम निघाले.

आता शिक्षकांनी क्षणभर विचार करावा : ट्रान्समीटर जमा करायचा म्हणजे नेमके काय जमा करायचे? आजचा मोबाइल फोन जप्त केला तर तो जप्त झाला. त्यातले भाग सुटे करून दुसरा फोन कुणाला बनवता येत नाही. व्हॉल्व्हच्या ट्रान्समीटरचे तसे नाही. तो सुटा केला की उरतात ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर (पाठ्यपुस्तकात आपण त्यांना धारित्र म्हणतो), रोध, तांब्याच्या तारेची वेटोळी आणि व्हॉल्व्ह. यांतले बरेचसे भाग कोणत्याही रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात सापडत. कोणत्याही एका भागावर ‘ट्रान्समीटर’ असे लिहिलेले नसते. माझ्यासमोरचा ८०७ घ्या. तो १९३६ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. त्याच साली निघालेल्या ६ एल ६ या ध्वनिवर्धकाच्या व्हॉल्व्हचा तो भाऊ, फरक मुख्यतः वरच्या टोपीचा. त्यामुळे ८०७ ट्रान्समीटरमध्ये चाले तसाच लाऊडस्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येही चाले. आणखी पुढे जाऊन सांगायचे तर आवाज वाहून नेणाऱ्या ट्रान्समीटरचा जवळजवळ अर्धा भाग लाऊडस्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायरच असतो. फक्त त्याच्या टोकाला कर्ण्याऐवजी रेडिओलहरी निर्माण करणारा व्हॉल्व्ह जोडलेला असतो.

हे लक्षात ठेवले म्हणजे १९४२ सालचे काँग्रेस रेडिओचे प्रकरण नीट उलगडते. ‘चले जाव’ची घोषणा झाली, नेते तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांवर बंधने आली. उषा मेहता या मुंबईतल्या २२ वर्षांच्या विद्यार्थिनी आणि त्यांचे सहकारी बाबूभाई खाखर, विठ्ठलदास झवेरी आणि चंद्रकांत झवेरी यांनी गुप्त रेडिओ केंद्र काढायचे ठरवले. यंत्र जुळवून देणारे होते नरिमन प्रिंटर. ते भायखळ्याला तांत्रिक शिक्षणाची संस्था चालवत आणि युद्धापूर्वी परवानाधारक हॅम होते. साहित्याची मदत आली शिकागो रेडिओच्या नानक मोटवाने यांच्याकडून, म्हणजे ज्यांचे लाऊडस्पीकर काँग्रेसच्या अधिवेशनांत लागत त्यांच्याकडून. एक माजी हॅम आणि एक लाऊडस्पीकरवाले : वर सांगितलेले ट्रान्समीटरचे दोन अर्धे भाग इथे दोन माणसांच्या रूपाने एकत्र आलेले दिसतात.

ऑगस्टच्या अखेरीस केंद्राचे काम सुरू झाले. त्याची तरंगलांबी काही ठिकाणी ४२.३४ मीटर तर काही ठिकाणी ४१.७८ मीटर दिलेली आढळते. प्रकाशाच्या वेगाला तिने भागून पाहा. पहिलीची वारंवारता येते सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ आणि दुसरीची सुमारे ७.१८. हौशी रेडिओला त्या काळी दिलेला ‘चाळीस मीटर’चा पट्टा ७.० ते ७.३ मेगाहर्ट्झ होता. दोन्ही आकडे त्या पट्ट्यातच पडतात. मला यात योगायोग वाटत नाही. हॅमची वेटोळी, हॅमचे बदलते कंडेन्सर वापरून यंत्र जोडले की ते हॅमच्याच पट्ट्यावर बोलणार. हा आकडेमोडीचा प्रश्न नववी-दहावीच्या मुलांना घालून पाहावा. इतिहासाच्या तासाला तरंगलांबी येते आणि भौतिकीच्या तासाला १९४२.

डॉ. राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन यांच्यासारखे भूमिगत नेते या केंद्राशी जोडलेले होते. जागा मात्र सतत बदलाव्या लागत. चौपाटीवरचे सी व्ह्यू, वाळकेश्वरचे रतन महल, लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरील लक्ष्मी भवन, गिरगावातील पारेखवाडी, महालक्ष्मीजवळचा एक बंगला अशी ती यादी आहे. कारण उघड आहे. ट्रान्समीटर लपवता येतो, त्याच्या लहरी लपवता येत नाहीत. तारेचे वेटोळे असलेला अँटेना फिरवला की एका दिशेला आवाज नाहीसा होतो. दोन ठिकाणांहून अशी दिशा काढली की नकाशावर दोन रेघा जिथे छेदतील तिथे केंद्र. एका जागी राहणारे केंद्र फार दिवस टिकत नाही.

शेवटी १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पारेखवाडीत पोलीस आले ते मात्र नकाशावरच्या रेघांवरून नव्हे. नरिमन प्रिंटर त्याआधी पकडले गेले होते आणि ठिकाण त्यांनीच दाखवले. ज्या हातांनी यंत्र जोडले त्याच हातांनी हे व्हावे, ही या कथेतली बोचणारी गोष्ट. तंत्रज्ञ एकटाच असला की सगळे काही त्या एकावर अवलंबून राहते, इतकेच मी म्हणेन. त्यांच्यावर कोठडीत काय दडपण आले असेल याचा निवाडा घरी बसून करण्याचा मला अधिकार नाही. बाबूभाईंना ५ वर्षांची आणि उषाबेनना ४ वर्षांची शिक्षा झाली. उषाबेन १९४६ मध्ये सुटल्या. पुढे त्या मुंबईत प्राध्यापक झाल्या. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २००० मध्ये त्यांचे निधन झाले.

दुसरे प्रकरण त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी आपल्या आंबोलीच्या जंगलात घडले. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटले, तेव्हा पोर्तुगीजांचे दोन बिनतारी संच स्वातंत्र्यसैनिकांच्या हाती लागले. हे संच संदेश पाठवण्यासाठी बनवलेले होते. त्यांत फेरफार करून एक प्रक्षेपण केंद्र तयार करण्यात आले. ज्याचे यंत्र, त्याच्याच विरुद्ध! २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या रानातून ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ बोलू लागले, पोर्तुगीज आणि कोकणी या दोन्ही भाषांतून. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे ते चालवणारे दोघे. पुढे केंद्र कॅसलरॉकच्या बाजूला हलले आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत चालू राहिले. मुक्तीची बातमी तर या दोघांनी विमानातून लाऊडस्पीकरवर दिली. पुढे ते विवाहबद्ध झाले. लिबियाबाईंना वयाच्या शंभरीत, २०२५ मध्ये, पद्मश्री जाहीर झाली.

आंबोली म्हणजे वर्षाला सात हजार मिलिमीटर पावसाच्या घरातले ठिकाण. अशा हवेत सहा वर्षे व्हॉल्व्हचे यंत्र चालू ठेवणे म्हणजे काय, हे ज्याने पनवेलच्या पावसाळ्यात असे यंत्र उघडले आहे त्याला चांगले कळेल. आता माझ्या टेबलाकडे परत येतो.

आधी एक कबुली देणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी असाच एक जुना रिसीव्हर हाती आला होता. उत्साहाच्या भरात मी त्याची वायर सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये घातली. दहा-बारा सेकंद काहीच झाले नाही. मग गुणगुण वाढली, जळक्या लाखेचा वास आला आणि मी बटण बंद करेपर्यंत ट्रान्सफॉर्मर गेला होता. त्याच्या अंगावर चिकटवलेल्या कागदावर वाइंडिंग करणाऱ्याने वेढ्यांचे आकडे आणि तारेचे गेज पेन्सिलीने लिहून ठेवले होते. तो कागद माझ्या डोळ्यांसमोर तपकिरी झाला आणि मग काळा. गाभ्याचे क्षेत्रफळ मोजून वेढे काढता येतात, हे खरे (५० हर्ट्झला आणि एक टेस्ला चुंबकीय घनतेला दर व्होल्टमागे वेढे म्हणजे साधारण ४५ भागिले चौरस सेंटिमीटरमधले क्षेत्रफळ, ९ चौरस सेंटिमीटरला ५ वेढे, म्हणजे २३० व्होल्टला ११५०). पनवेलमधल्या एका वाइंडिंगवाल्या काकांनी तो पुन्हा गुंडाळूनही दिला. पण देताना ते म्हणाले, ‘‘साहेब, कागद आधी उतरवून घ्यायचा होता.’’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून या वेळी पहिला महिनाभर मी डाग द्यायची सळई हातातही घेतली नाही. चासीच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि प्रत्येक तार कुठून कुठे जाते ते वहीत उतरवून आकृती तयार केली. घरी बनवलेल्या यंत्राची आकृती कोणत्याही पुस्तकात मिळत नाही, यंत्र हीच तिची एकमेव प्रत असते.

आकृती काढता काढता काळाचे थर दिसू लागले. काही कंडेन्सर सैन्याच्या हिरवट रंगाचे होते. महायुद्धानंतर सैन्याची सामग्री मोडीत निघाली आणि मुंबईच्या चोरबाजारात आणि लॅमिंग्टन रोडवर वजनावर विकली गेली. स्वातंत्र्यानंतरच्या हॅमच्या पिढीने आपली केंद्रे उभारली ती त्याच मोडीतून. वारंवारता ठरवणारा क्वार्ट्झचा स्फटिकही लष्करी डबीतला होता. ७ मेगाहर्ट्झचा असा स्फटिक जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा असतो. हवी ती वारंवारता नसेल तर हॅम मंडळी तो काचेवर बारीक भुकटी टाकून हाताने घासत. पातळ झाला की वारंवारता वाढते. जास्त घासला गेला तर मात्र परत येणे नाही.

आणि एक थर नंतरचा. विद्युतपुरवठ्यात व्हॉल्व्हचे सॉकेट रिकामे होते आणि त्याच्या टोकांना बीवाय १२७ जातीचे सिलिकॉन डायोड एकामागे एक जोडलेले होते. जुन्या दुरुस्तीवाल्यांना हे नाव ओळखीचे असेल. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६० च्या दशकात घरगुती रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली, पण ट्रान्समीटरला लागणारा मोठा दिष्टकारी व्हॉल्व्ह मिळणे हौशी माणसाला सोपे नव्हते. त्याने उपलब्ध होते ते वापरले. यंत्र ‘मूळ’ रूपात आणायचे म्हणून हे डायोड काढून नवा आयात व्हॉल्व्ह बसवा, असा सल्ला मला एकाने दिला. मी तो मानला नाही. कारखान्यातून बाहेर पडलेल्या यंत्राला मूळ रूप असते. या यंत्राचे मूळ रूप कोणते? १९५७ चे, की त्याआधीच्या बुजवलेल्या भोकांचे?

डायोडचा एक फायदाही झाला. दिष्टकारी व्हॉल्व्हचा तंतू पुरेसा तापल्याशिवाय तो वीज वाहूच देत नाही. डायोडला ती अट नाही. त्यामुळे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असतो तसा डिमरस्टॅट लावून मला मुख्य दाब अगदी खालून, हळूहळू चढवता आला. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधला रोधक थर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा असतो आणि तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. वर्षानुवर्षे वीज न मिळाल्याने तो ठिकठिकाणी विरतो. एकदम पूर्ण दाब दिला की तिथून प्रवाह घुसतो, कंडेन्सर तापतो, फुटतो आणि जाताना ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. माझ्या रिसीव्हरचे तेच झाले होते. दाब हळूहळू, काही तासांत वाढवला तर तो थर स्वतःच पुन्हा बनतो. पुरवठ्याच्या मालिकेत १०० वॉटचा जुना तंतूचा दिवा ठेवायचा, म्हणजे आपल्या दुरुस्तीवाल्यांचा ‘सिरीज बोर्ड’. दिवा प्रखर पेटला तर आत शॉर्ट आहे, मंद राहिला तर पुढे जायला हरकत नाही. चारपैकी तीन कंडेन्सर असे जागे झाले.

कागदाच्या कंडेन्सरना मात्र असा उपाय नाही. मेणात बुडवलेल्या कागदाने पन्नास-साठ पावसाळ्यांची ओल शोषलेली असते. मल्टिमीटरवर ते निर्दोष दिसतात, कारण मल्टिमीटर त्यांना जेमतेम काही व्होल्ट देतो. मी २०० व्होल्टला मोजले तेव्हा एकाचा रोध १० मेगोह्म निघाला. चांगल्या कंडेन्सरचा हजारो मेगोह्म असतो. दहा म्हणजे बरेच, असे वाटेल. पण त्याच्या पलीकडे व्हॉल्व्हच्या ग्रिडला ४७० किलोह्मचा रोध होता. २०० व्होल्टची वाटणी करा : ग्रिडवर सुमारे ९ व्होल्ट धन दाब चढतो. जिथे उणे वीस हवेत तिथे उणे अकरा उरतात, व्हॉल्व्हमधून वाजवीपेक्षा कितीतरी जास्त इलेक्ट्रॉन धावतात आणि आतली प्लेट लाल होते. दुभाजकाचा साधा नियम, पण तो चुकला तर महागडा व्हॉल्व्ह जातो. हे सगळे कागदी कंडेन्सर मी बदलले.

व्हॉल्व्ह तपासताना आधी काचेच्या आतला चंदेरी डाग पाहावा. तो बेरियमचा असतो आणि आत चुकून राहिलेला वायू शोषून घेण्यासाठी मुद्दाम चढवलेला असतो. काचेला तडा जाऊन हवा शिरली की तो पांढरा पडतो. लहान व्हॉल्व्हपैकी एकाचा डाग पांढरा होता. ८०७ चा आरशासारखा चकचकीत होता.

इथे शिक्षकांना एक गोष्ट निक्षून सांगतो. या यंत्रात ६०० व्होल्ट खेळतात आणि बटण बंद केल्यावरही ते कंडेन्सरमध्ये राहतात. हा प्रयोग मुलांच्या हाती द्यायचा नाही. जाणकाराशिवाय स्वतःही करायचा नाही. तेल भरलेले मोठे कंडेन्सर फोडून पाहू नयेत, काही जुन्यांतले तेल विषारी असते. आणि अँटेना जोडून प्रक्षेपण करायला आजही परवाना लागतो. माझ्याकडे तो आहे, तरी मी अँटेना लावला नाही. त्याच्या जागी ६० वॉटचा तंतूचा दिवा जोडला. हीही हॅम मंडळींची जुनीच पद्धत.

ऑगस्टमधल्या एका रविवारी रात्री डिमरस्टॅट २३० वर आला. बदलत्या कंडेन्सरची मूठ फिरवली, तसा प्लेटचा प्रवाह दाखवणारा काटा हळूच खाली उतरला आणि त्याच वेळी दिवा पिवळसर पेटला. भिंतीतल्या विजेशी त्याचा काही संबंध नव्हता. तो ७ मेगाहर्ट्झच्या आंदोलनावर जळत होता. शेजारच्या खोलीत ठेवलेल्या लघुलहरी रेडिओत एलईडी दिव्यांची आणि मोबाइलच्या चार्जरची खरखर होती. खांदा कॉलनीत ती चोवीस तास असते. स्फटिकाच्या वारंवारतेवर मात्र ती खरखर एकदम थांबली आणि शांतता ऐकू आली. ट्रान्समीटरसमोर जाऊन मी मायक्रोफोनमध्ये एक ते दहा मोजले आणि मुलगी शेजारच्या खोलीतून ओरडली, ‘‘बाबा, सातला आवाज फाटतोय!’’ आवाज फाटण्याचे कारण एक वय झालेला कार्बनचा रोध होता. १०० किलोह्मचा तो वाढून १६० झाला होता.

यंत्र आता शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात आहे. वायरीचा प्लग काढून ठेवला आहे. काढलेले सर्व कंडेन्सर, तो रोध आणि पांढऱ्या डागाचा व्हॉल्व्ह मी प्रत्येकाला चिठ्ठी बांधून एका पुठ्ठ्याच्या खोक्यात घातले आणि आकृतीच्या प्रतीसह यंत्राशेजारी ठेवले. वही बाईंकडे आहे. तिच्यातली शेवटची नोंद ७.०५ मेगाहर्ट्झची आहे.